घोड्याच्या वळणांची यादी

पुंजाजी गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने दिली. बुलढाण्याहून आलेल्या गाडीच्या टपावरून शाळेच्या खडूंचं खोकं मी चिखलीच्या स्टँडवर उतरवून घेत होतो. तेवढ्यात तो दारातून ओरडला, "गुरुजी, देऊळघाटचे घोडेवाले पुंजाजी वारले ना! चार दिवस झाले. तुमाले नाई कळलं?" मी खोकं छातीशी धरून उभा राहिलो आणि विचारलं, "मग घोडी कोणाकडे आहे?" मित्र गेल्याचं कळल्यावर माणूस विचारतो, कसे गेले, आजारी होते का, शेवटी जवळ कोण होतं... मी घोडीची चौकशी केली. कंडक्टरलाही ते चमत्कारिक वाटलं असावं, कारण त्याने लगेच घंटी वाजवली आणि गाडी निघून गेली. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. तेव्हा माझ्या तोंडून तसा प्रश्न का निघाला, हे मला अजून सांगता येत नाही. खरं म्हणजे पुंजाजींबद्दल मला काहीच धड सांगता येत नाही. तरी लिहायला बसलो आहे, कारण शेवटच्या भेटीत मी त्यांना तोंडावर खोटारडे म्हणालो होतो. त्यानंतर चार महिने मी तिकडे फिरकलो नाही. ते खोटारडे होते की मी मूर्ख होतो, हे मला कुठेतरी एकदा लिहून पाहायचं आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. कारभार मराठीत चालवायचा म्हणून जिकडेतिकडे मराठी शब्दांची शोधाशोध चालली होती. आमच्या शाळेतही एक पत्रक आलं. प्रत्येक शिक्षकाने आपल्या भागातल्या एखाद्या धंद्याचे शब्द गोळा करावेत, चांगल्या याद्यांची पुस्तिका निघेल. मी तेव्हा देऊळघाटच्या शाळेत नवा होतो. लोहार आणि सुतार सहकाऱ्यांनी आधीच पटकावले होते, तेली एकाने सासरच्या ओळखीवर मिळवला होता. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही घोडे घ्या." म्हणून मी घोडे घेतले. घोड्याचा आणि माझा तोवर संबंध एवढाच, की लग्नात नवरदेव म्हणून मला घोड्यावर बसवायला निघाले होते आणि मी पोट दुखण्याचं निमित्त करून बैलगाडीत बसलो होतो.

पुंजाजी चाबुकस्वार होते. म्हणजे नवं, बिथरलेलं घोडं माणसाळवायचं आणि नवख्या माणसाला त्याच्यावर बसायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांचे वडील जालन्याकडे कुठल्याशा रिसाल्यात होते, तिथून ही विद्या घरात आली. त्या वेळी आडगावांना धड रस्ते नव्हते. पाटील, कापसाचे व्यापारी, गावोगाव फिरणारे वैदू, सगळ्यांना घोडं लागायचं, आणि ज्याला घोडं लागायचं तो एकदा तरी पुंजाजींच्या अंगणात येऊन जायचा. उंची बेताची, पाय किंचित फाकलेले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. आवाज मात्र असा, की आमच्या शाळेत बसून ऐकू यावा. मी वही घेऊन गेलो तेव्हा ते घोडीच्या खुरातला खडा काढत होते. मी पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सरकारले घोडा शिकाचा हाय का?" मी म्हटलं, नाही, सरकारला शब्द हवे आहेत. "मंग बरं हाय. शब्द पडत नाई."

पहिल्या महिन्यात सगळं सुरळीत होतं. घोड्याच्या चालींची नावं मिळाली, दुडकी, रपेट, चौखूर. दोरी धरून घोडं गोल फिरवायचं तो कावा, हेही मिळालं. घोळ झाला तो वळणांपाशी. घोडं कसं वळतं यालाच माझ्या यादीत जास्त जागा द्यायची होती, कारण पत्रकात तसं खास म्हटलं होतं... निदान मला तसं वाचल्याचं आठवतं. त्यासाठी मी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या अंगणातल्या दगडावर जाऊन बसायचो. कोणीतरी स्वार शिकत असायचा, पुंजाजी रिंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडायचे, घोडं वळायचं, आणि मी लिहून घ्यायचो. ते ओरडले, "जातं!" आणि घोडं जागच्या जागी डावीकडे गोल फिरलं. मी लिहिलं : 'जातं – घोड्याने डावीकडे घेतलेलं लहान वर्तुळ.' ते ओरडले, "वखर, वखर!" आणि दौडत गेलेलं घोडं कुंपणापाशी मागे वळलं. मी लिहिलं : 'वखर – धावत्या घोड्याचं उलट वळण.' असेच 'टोपलं' मिळालं, 'कातर' मिळाली, 'पाळणा' मिळाला. शब्द इतके देशी आणि इतके ताजे होते, की आता लोहारवाल्याचं नाक कापलं जाणार याची मला खात्री पटली.

पण एकाच वळणाला आज एक नाव, उद्या दुसरं! तेच डावीकडचं लहान वर्तुळ, सोमवारी 'जातं' आणि गुरुवारी 'कातर'. मी वही पुढे करून म्हणालो, "पुंजाजी, एक काहीतरी नक्की सांगा." ते म्हणाले, "तवा बसनारा दुसरा होता ना." मी म्हटलं, बसणारा कोणीही असो, वळण तर तेच आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी पाढे चुकणाऱ्या मुलाकडे पाहतो. "वळन तेच हाय, हाव. तुम्ही पाह्यता ते बराबर हाय." मग म्हणाले, "तुम्ही येकडाव बसा, गुरुजी. मंग लिहा." हे वाक्य मी पुढे अकरा वर्षं ऐकलं. दर वेळी मी काहीतरी सबब काढली. धोतर नवं आहे, गुडघा दुखतो, पोरं बघतील. खरं कारण एकच होतं. मला भीती वाटायची. घोडामैदान जवळ असतं म्हणतात, माझ्यापासून तर ते दहा पावलांवर होतं, तरी मी आपला दगडावर.

या दगडामुळेच आमची मैत्री झाली. यादी पाठवून झाली, माझी बदली चिखलीला झाली, तरी दर रविवारी मी गाडीने देऊळघाटला जायचो. त्यांना माझं बोलणं आवडायचं की माझी फजिती, कोण जाणे. मी सायकल शिकलो तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं, "गुरुजी लोखंडावर बसतात, चामड्यावर नाई." माझी आई गेली तेव्हा मात्र ते देऊळघाटहून घोडीवर आले आणि तीन दिवस आमच्या ओट्यावर बसून राहिले. निघताना म्हणाले, "येतो, गुरुजी," बस्स. मी त्यांना माणूस म्हणून ओळखतो, असं मला तेव्हा वाटायचं.

यादी पाठवल्यावर बऱ्याच वर्षांनी, मी आशा सोडून दिल्यावर, ती पुस्तिका निघाली. त्यात माझी यादी होती आणि यादीखाली माझं नाव होतं. छापलेलं माझं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. पुस्तिका घेऊन मी धावत देऊळघाटला गेलो. पुंजाजींना वाचता येत नसे, म्हणून मी ओट्यावर बसून एकेक शब्द वाचून दाखवला. 'जातं'वर ते हसले. 'वखर'वर अजून हसले. 'पाळणा' येईपर्यंत डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खोकला लागला, आतून त्यांच्या पत्नी गिरजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मग पुस्तिका हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "सगळे हायेत, गुरुजी. कोनी सुटलं नाई." मला वाटलं, शब्दांबद्दल बोलत आहेत.

त्यानंतर वर्षभराने पुण्याहून एक पत्र आलं. घोडदळातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं. अक्षर देखणं, भाषा सभ्य. त्यांनी लिहिलं होतं की कावा, रपेट हे शब्द ठीक आहेत, पण जातं, टोपलं, पाळणा अशी घोड्याच्या वळणांची नावं त्यांनी चाळीस वर्षांत कुठल्याही मुलखात ऐकली नाहीत. 'ही यादी कोणा विनोदी माणसाने आपल्याला सांगितलेली दिसते. आपल्यासारख्या शिक्षकाने शहानिशा करायला हवी होती.' ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. शाळेत ते कसं पसरलं, हेही मला कळलं नाही, पण लोहारवाला, तोही आता बदलून चिखलीलाच आला होता, मधल्या सुट्टीत मला विचारू लागला, "काय गुरुजी, आज चूल काढली का घोड्यातून?" मी पत्र खिशात घालून देऊळघाटला गेलो आणि पुंजाजींना त्यांच्याच अंगणात, दोन परके स्वार उभे असताना, नको ते बोललो. मला राग आला की माझी भाषा फार शुद्ध होते. मी म्हणालो, "आपण माझी फसवणूक केलीत. अकरा वर्षं आपण मला असत्य सांगत आलात." त्यांना कळेना म्हणून मग सोपं करून सांगितलं, "खोटारडे आहात तुम्ही."

ते घोडीचा लगाम धरून उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता... होता का? मी तो चेहरा इतक्या वेळा आठवून पाहिला आहे, की आता तो झिजला. ते एवढंच म्हणाले, "बसा येकडाव. बसा, मंग सांगतो." मी पाठ फिरवून स्टँडवर गेलो. हीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला मी गेलो तो चोरासारखा. जेवणं उरकली होती. पुंजाजींचा मुलगा रामदास चिखलीला दुकानात काम करतो, घोड्यांशी त्याचा काही संबंध नाही. तो मला पाहून धावतच आला. "गुरुजी, बरं झालं आले. तांबडीचं काय करू? मामाच्या गावाले पाठवाची हाय तिले, पर कोनी बसलं की सरळ जाते अन् कुंपनापाशी उभी राहते. वळतच नाई. बाबाचे शब्द तुमच्यापाशीच हायेत ना? पुस्तकात छापले तुम्ही." मी पुस्तिका नेली होतीच. का नेली होती, विचारू नका. रामदास तांबडीवर चढला, दहाबारा माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी रिंगणाच्या मधोमध, जिथे पुंजाजी उभे राहायचे तिथे उभा राहून, चष्मा लावून घोडीला माझी यादी वाचून दाखवायला लागलो. "जातं!" घोडी उभी. "वखर!" घोडी उभी. "टोपलं! कातर!" तिने एकदा शेपूट हलवलं. लोक हसू दाबत होते, कारण घर सुतकातून नुकतंच उठलेलं. मला मात्र एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. बरं झालं, पुण्याचे गृहस्थ खरे ठरले, मी काही उगाच बोललो नव्हतो. आणि दुसरी, अरे देवा, म्हणजे खरंच खोटं होतं का सगळं? पहिलीचा आनंद झाला नाही आणि दुसरीचं दुःख नीट करता येईना. मी पुन्हा वरपासून सुरुवात केली. "जातं!"

"तिले काय सांगता, गुरुजी?" गिरजाबाई दारात उभ्या होत्या. "जातं माह्यं हाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे माह्यं. मले सांगे ते." त्या पायरीवर बसल्या. पदर डोक्यावर सारखा केला आणि सावकाश सांगितलं. लग्न झाल्यावर पुंजाजी घोडे घ्यायला-द्यायला बाजारोबाजार जायचे. मागे घोडी उभी राहिली तर पाय सुजतात, तिला रोज फिरवायला हवं. म्हणून त्यांनी सतरा वर्षांच्या बायकोला, काष्टा घट्ट मारायला लावून, याच अंगणात घोडीवर बसायला शिकवलं. भिंत उंच होती, गावाला पत्ता नव्हता. "मले कंबरेतून फिरताच येईना. नुस्ती लगाम वढो मी. मंग म्हनाले, गिरजे, घोडी इसर. जात्यावर बसली समज. डाव्या हातानं दळ. म्या दळलं... अन् घोडी फिरली ना. मंग पुढं ज्याची कंबर अडे, त्याले बी ते माह्यंच जातं सांगत." त्या हसल्या आणि लगेच रडल्या. "शब्द घोडीले नाई सांगत कोनी. घोडीले शब्दाचं काय करावं? बसनाऱ्याले सांगतात."

भिंतीपाशी उभे असलेले म्हातारे दगडूजी पुढे आले. त्यांचा वखर होता. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधापाशी, वखर वळवताना माणूस एका अंगावर भार टाकून खांद्यावरून मागे पाहतो, पुंजाजींनी त्यांना नेमकं तेच घोड्यावर करायला लावलं होतं. कातर चिखलीच्या एका शिंप्याची. टोपलं, डोक्यावर ओझं घेऊन जन्म गेलेल्या एका माणसाचं, त्याला मान न हलवता सगळं अंग वळवायची सवय होती. पाळणा एका तरण्या व्यापाऱ्याचा, तो लगामाला हिसके द्यायचा. त्याच्या घरी नुकतंच मूल झालं होतं, म्हणून पुंजाजी त्याला सांगायचे, पाळण्याची दोरी ओढतो तशी ओढ आणि सोड. प्रत्येकाच्या अंगात आधीच मुरलेली एक हालचाल ते हुडकून काढायचे आणि तिच्या नावाने हाक मारायचे. अकरा वर्षं मी त्या दगडावर बसून घोड्याकडे पाहत होतो. वर बसलेल्या माणसाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता सगळं उलगडलं असं वाचकांना वाटेल. मला तसं वाटत नाही. मी चुकीचं लिहून घेतो आहे, हे पुंजाजींना कळत होतं का? कळत होतं, तर सांगितलं का नाही? गिरजाबाई म्हणतात, त्यांना वाटायचं गुरुजी हुशार आहेत, सगळ्या लोकांच्या आठवणी पुस्तकात घालत आहेत, म्हणून पुस्तिका आली त्या दिवशी ते इतके खूश होते. दगडूजी म्हणतात, छे, त्याला पक्कं ठाऊक होतं, तो गंमत पाहत होता. दोघंही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते. आणि 'जातं' हा घोड्याच्या वळणाचा शब्द आहे की नाही? पुण्याचे गृहस्थ म्हणतात नाही. गिरजाबाईंच्या कंबरेला विचारलं तर आहे. मी कोणाला काय कळवू? मी एका खऱ्या माणसाला खोटारडा म्हणालो, एवढंच पक्कं उरलं. त्याची माफी मागायची जागा आता कुठेच नाही, आणि हे फार वाईट आहे.

निघताना, चपला घालता घालता, मी गिरजाबाईंना भीत भीत विचारलं, "वहिनी, माझा काही शब्द होता का?"

"होता ना," त्या लगेच म्हणाल्या. "कवाचा काढून ठेवला होता तुमच्यासाठी. म्हनत, गुरुजीचा शब्द मले पह्यल्याच वर्षी गावला. बसले की सांगन."

"कोणता?"

"ते नाई सांगतलं. बसल्याबिगर नाई सांगत ते कोनालेच."

तेव्हापासून माझं हे असं चाललं आहे. फळा पुसताना कंबर वळली की मी मधेच थांबतो. सायकलला टांग मारताना थांबतो. घंटेचा टोल देताना, छत्री उघडताना, धोतराचा सोगा खोचताना... यातलं काय त्यांनी पाहून ठेवलं होतं? परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "गुरुजी, तुम्ही अर्धा फळा पुसून उभे काऊन राह्यता?" मी तिला उत्तर दिलं नाही. पुण्याच्या गृहस्थांना मात्र दिलं. यादी पुन्हा स्वच्छ लिहून काढली आणि प्रत्येक शब्दापुढे माणसाचं नाव घातलं. जातं, गिरजाबाई. वखर, दगडूजी. सगळ्यांत शेवटी माझं नाव लिहिलं आणि शब्दाची जागा कोरी सोडली. त्यांचं उत्तर आलेलं नाही.

गेल्या रविवारी मी देऊळघाटला गेलो आणि तांबडीवर बसलो. रामदासने धरून बसवलं. वरून अंगण फार खाली दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांनी मी आयाळ धरली होती. घोडी चार पावलं सरळ गेली आणि कुंपणापाशी थांबली. मला वळायला सांगणारं कोणी नव्हतं. तेवढ्यात गिरजाबाई पायरीवरून ओरडल्या, "फळा!" मी अंगानेच फळा पुसल्यासारखं केलं. घोडी उभीच. "छत्री!" मी छत्री उघडली. "घंटा!... सायकल!" एकेक शब्द त्या आठवून आठवून फेकत होत्या, आणि मी त्या उंचीवर बसून माझा सगळा दिवस एकेक करून पाहत होतो. तांबडी हलली नाही. घामाने माझी टोपी भिजली होती.

"वहिनी," मी म्हटलं, "उतरू का आता?"

"काऊन उतरता?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्सानं बसले तुम्ही. बसा. आजून लय शब्द हायेत."